'मधल्या काळापुरते' पोप?

पोप जॉन तेविसावे यांच्याविषयी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. प्रेमळ म्हातारे, ७६ व्या वर्षी मधला काळ निभावून नेण्यासाठी निवडलेले, आणि मग एकाएकी त्यांच्या मनात आलं म्हणून दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची (प्रांतोप्रांतीच्या धर्मप्रमुखांची) महासभा, भरली. हे 'एकाएकी' मला मुळीच पटत नाही.

त्यांचं मूळ नाव आंजेलो रोंकाल्ली. उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते गावचे. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या, मोठ्या खटल्याच्या घरात १८८१ साली जन्मले. १९०४ मध्ये गुरुदीक्षा झाली, म्हणजे ते फादर झाले. पहिल्या महायुद्धात आधी वैद्यकीय पथकात सार्जंट, मग जखमी सैनिकांचे धर्मगुरू.

पण खरी घडण पुढची. १९२५ साली त्यांना पोपचा प्रतिनिधी म्हणून बल्गेरियाला पाठवलं. तिथे जवळपास सगळे ऑर्थोडॉक्स, म्हणजे रोमच्या पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचे, कॅथलिक मूठभर. रोमच्या दृष्टीने आडबाजूचं ठिकाण. तिथे दहा वर्षं, मग तुर्कस्तान आणि ग्रीसची दहा वर्षं. तुर्कस्तानात तर रस्त्यावर धर्मगुरूचा झगा घालून फिरायलाही कायद्याने बंदी होती. ते साध्या कोट-पँटमध्ये वावरले. इस्तंबूलच्या चर्चमध्ये त्यांनी काही प्रार्थना तुर्की भाषेत म्हणायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याच लोकांची नाराजीही ओढवून घेतली. दुसऱ्या महायुद्धात ज्यू निर्वासितांना सुखरूप पुढे जाता यावं म्हणून जिवाचं रान केलं. वीस वर्षं परक्या धर्माच्या शेजारात, अल्पसंख्य म्हणून राहिलेला माणूस! आम्ही वसईकर ख्रिस्ती हे जगणं ओळखतो. शेजाऱ्याचं मन जपत, स्वतःची श्रद्धाही सांभाळत राहणं एका दिवसात येत नाही.

नंतर पॅरिस, आणि १९५३ मध्ये व्हेनिस. त्याच वर्षी १२ जानेवारीला ते कार्डिनल, म्हणजे पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपैकी एक, झाले. त्यांच्यासोबतच्या नव्या कार्डिनलांमध्ये आपल्या मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियसही होते, भारताचे पहिले कार्डिनल. २८ ऑक्टोबर १९५८ ला रोंकाल्ली पोप झाले, त्या निवडणुकीत ग्रेशियसांचंही मत होतं.

तीन महिन्यांत, २५ जानेवारी १९५९ ला, त्यांनी परिषदेची घोषणा केली. ११ ऑक्टोबर १९६२ ला ती सुरू झाली तेव्हा दोन हजारांहून अधिक बिशपांसोबत इतर ख्रिस्ती पंथांचे निरीक्षकही सन्मानाने बसले होते. मला त्यात बल्गेरिया दिसतो. रात्री चौकात जमलेल्या लोकांना ते म्हणाले, घरी गेलात की मुलांना कुरवाळा आणि सांगा, हा पोपचा स्पर्श आहे. तेव्हा पोटाचा कॅन्सर त्यांच्या शरीरात होताच. ३ जून १९६३ ला ते गेले.

लोकभाषेतल्या उपासनेला परिषदेने मान्यता दिली ती ४ डिसेंबर १९६३ ला, त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी. माझी आजी सांगायची, लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असताना बायका मागे जपमाळ ओढत बसायच्या, कारण एक शब्द कळत नसे. फादरांची पाठ तेवढी दिसायची. पुढे काही वर्षांनी वेदी लोकांकडे वळली आणि मराठी मिस्सा सुरू झाली. त्या पहिल्या रविवारी जपमाळ तिच्या हातातच राहिली, ओढायचं भान नव्हतं. ती ऐकत होती.