‘आधी शेण काढा’ म्हणणाऱ्या गोपालकांस

गोपालक दादा,

पशुधन पर्यवेक्षकांची, म्हणजे पदविका घेऊन जनावरांवर प्राथमिक उपचार करणाऱ्यांची, सरकारी नोंदणी व्हावी, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं : ‘एसीत बसून लिहू नका. आधी गोठ्यातलं शेण काढा, मग कायदा शिकवा. पेठ-सुरगाण्यात रात्री डॉक्टर येत नाही, पदविकावाला पोरगाच येतो. त्याच्या पोटावर पाय देऊ नका.’

एसीचं सोडा, पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत पंखासुद्धा कुरकुरतो. पण शेणाचं बोलूच. माझं लहानपण सिन्नर तालुक्यात गेलं. गोठा झाडूनच शाळेत जायचो, हाताचा वास जात नाही म्हणून मागच्या बाकावर बसायचो. मला गोठा कुणी दाखवायची गरज नाही. स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याची लायकी काढायला तर अक्कलही लागत नाही.

त्याच गोठ्यात आमची नुकती व्यालेली गाय कॅल्शियम कमी पडून बसली, उठेचना. आलेल्या माणसाने कॅल्शियमची बाटली वाशाला टांगली, मानेच्या शिरेत सुई घातली, नळीचं चाक पूर्ण सोडलं आणि ओट्यावर चहा प्यायला बसला. शिरेतून कॅल्शियम द्यायचं ते सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. भसाभस गेलं तर हृदय बंद पडतं. चहा संपायच्या आत गायीने मान टाकली. तो शिकला कुठे, कुणाच्या हाताखाली काम करतो, वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टर असता तर नोंदणी क्रमांक विचारता आला असता. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याची नोंदवही पशुवैद्यकांची आहे, पदविकाधारकांना तीत रकाना नाही. कलम 30 नुसार राज्य सरकार त्यांना लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा प्राथमिक सेवांची परवानगी देऊ शकतं, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. मग परवानगी असलेल्या पोराला नंबर मिळाला तर त्याच्या पोटावर पाय कसा? पोट दुखेल ते पदविकेशिवाय बॅग घेऊन फिरणाऱ्याचं. तुमच्या पोराची गिऱ्हाइकं आज तोच पळवतोय.

रात्री पेठच्या घाटातून डॉक्टर येत नाही, हे मान्य. पण तो पदभरतीचा प्रश्न, इथे त्याचा काय संबंध?

पुन्हा लिहाल तेव्हा खाली नाव घाला. आणि तुमच्याकडे रात्री येणाऱ्या पोराची पदविका कुठल्या संस्थेची, तेही विचारून कळवा.