पुढच्या साथीत गुण कसे द्यावेत : परीक्षा विभागास काही नम्र सूचना

साथ आली म्हणून घाईने निर्णय घेण्याचा मोह, परीक्षा विभागाचे धुरीण या नात्याने, आपण कटाक्षाने टाळावा. महाराष्ट्राने २०२० मध्ये घालून दिलेला कित्ता समोर आहेच. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार नाहीत असे जूनमध्ये राज्य सरकारने सांगावे, त्या झाल्याच पाहिजेत असे ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने बजवावे, परीक्षेविना पदवी नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला द्यावा, आणि तोवर पुस्तक उघडावे की नोकरी शोधावी हे विद्यार्थ्याने आपल्या जबाबदारीवर ठरवावे.

मधल्या वर्षांचा प्रश्न त्यामानाने किरकोळ. निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, निम्मे मागच्या सत्राचे, हे आयोगाचे सूत्र जरूर वापरावे. मागच्या सत्रात जो टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता, त्याचा तो आजार अशा रीतीने दोन्ही सत्रांत मोजला जातो. श्रेणीसुधारासाठी पुढे विशेष परीक्षा देण्याची सोयही आयोगाने सुचवली होती. ती परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत टाकावी.

ऑनलाइन परीक्षेत मात्र आपले खरे कसब दिसते. घरात स्मार्टफोन एकच असेल आणि तो वडिलांसोबत सकाळीच कामावर जात असेल, तर ती कौटुंबिक बाब समजावी. उत्तरे जमा करताना पडद्यावर चक्र फिरत राहिले, तर तो विद्यार्थ्याचा हलगर्जीपणा. आपला सर्व्हर बसला, तर ती तांत्रिक अडचण. नेटवर्क नव्हते असे कोणी म्हणालाच, तर नेटवर्क नसल्याचा स्क्रीनशॉट त्याने तासाभरात ईमेलने पाठवावा, अशी माफक अट घालावी. घरात कोणी दगावले असल्यास मृत्यूचा दाखला साक्षांकित करून मागावा. साक्षांकन करणारी कार्यालये टाळेबंदीत बंद असतात, याची दखल परीक्षा विभागाने घ्यावी असा नियम कोठेही नाही.

एवढे करूनही विद्यार्थ्याला सहानुभूतीने परीक्षेविना वरच्या वर्गात ढकलावेच लागले, तर तशी नोंद जरूर ठेवावी. २०२० मध्ये कृषी पदवीच्या काही गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शिक्का उमटला आणि नाहक ओरड झाली. चूक शिक्क्याची नव्हती, शाईची होती. पुढच्या खेपेस ती अशी निवडावी, की नोकरी देणाऱ्याला शिक्का दिसेल आणि मंत्र्यांना दिसणार नाही.