खाणगावात राहण्याच्या रीती

गोव्यात सावर्डे-कुडचडे भागात घर घ्यायचा विचार आहे? जरूर घ्या. आता इथे काही त्रास नाही. पूर्वी लोहखनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांची रांग लागायची, मुलाला शाळेत सोडायचं म्हणजे जीव मुठीत घेऊन. झाडांची पानं लाल, दोरीवरचे कपडे लाल, नाक शिंकरलं तरी लाल. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज, म्हणजे खोदायचे भाडेपट्टे, रद्द केल्या, मार्चात खाणी थांबल्या आणि सगळं कसं शांत झालं. गॅरेज शांत, टायरवाला शांत, खानावळवाला तर इतका शांत की त्याने शटर वर करणंच सोडलं. शांतता हवी म्हणून पणजी-पर्वरीचे लोक जागा शोधत हिंडत असतात, त्यांनी इकडे यावं. फक्त येण्याआधी इथल्या रीती समजून घ्याव्यात.

पहिली रीत: बाहेर गेल्यावर गावाचं नाव सांगायचं नाही. 'मडगावच्या जरा पुढे' म्हणायचं आणि विषय पावसावर न्यायचा. परवा मडगावला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका. सावर्डे म्हटल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले. "किती ट्रक होते हो तुमचे?" मी शाळामास्तर. माझ्याकडे स्कूटर आहे, तीही पत्नीच्या नावावर. तसं सांगितलं. "लपवता कशाला? आता कोण येतंय धाड घालायला!" मग भात कालवता कालवता त्यांनी अख्ख्या खाणपट्ट्याचं निदान करून टाकलं. "तुम्हा खाणवाल्यांना पैसा पचला नाही. चार पैसे बाजूला टाकायचे होते."

अशा वेळी 'हो ना काका' म्हणावं आणि सोलकढी मागवावी. मी तेच केलं. ती सोलकढी अजून घशाशी आहे, म्हणून हा लेख.

दुसरी रीत पंचांगाची. खाणी कधी सुरू होणार, याचं इथे वेगळं पंचांग असतं. चवथीआधी. चवथीआधी नाही झालं तर दिवाळीनंतर. दिवाळीनंतर नाही झालं तर आचारसंहिता उठल्यावर. मग शिगमा येतो, मग पाऊस येतो, आणि पावसात खाणी कशा सुरू होणार, तुम्हीच सांगा! पुन्हा चवथ. २०२२ च्या अखेरीस खाणींचे लिलाव सुरू झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. २०२४ मध्ये तिकडे उत्तर गोव्यात डिचोलीत यंत्रं हलली, तर इकडे सावर्ड्यात लोकांनी उभ्या ट्रकांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. तुम्ही नवीन आहात, तारीख ऐकल्यावर हसू नका. मान डोलवा. दुकानात उधारी त्याच तारखेवर चालते.

ट्रक असेल तर विकायला काढू नका. भंगारवाला येतो, टायरला लाथ मारतो आणि जो आकडा सांगतो तो घरात बोलून दाखवता येत नाही.

पांढरे कपडे आता खुशाल घाला. कुठे घालून जायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

निसर्गाची आवड असेल तर चंगळ आहे. निळंहिरवं पाणी दिसतं ते तळं नव्हे, खाणीचा खड्डा आहे; पण रीलमध्ये तळंच दिसतं. कडेला 'पोहण्यास मनाई'चा फलक असेल तर त्याला टेकून फोटो छान येतो. किनारा वगैरे शोधू नका. खाण पायऱ्यापायऱ्यांनी खाली खोदलेली असते, पहिल्या पायरीवर पाणी गुडघ्याएवढं लागतं आणि दुसरी पायरी कुठे सुरू होते ते वरून दिसत नाही. पलीकडचा हिरवागार डोंगर सह्याद्रीचा समजून पाहुण्यांना दाखवा. तो डंप आहे. खनिजावरची माती काढून रचलेला, वर अकेशिया लावलेला. त्या झाडाखाली गवत उगवत नाही, पण उपग्रहातून हिरवं दिसतं आणि अहवालातही. पावसाळ्यात यातला थोडा डोंगर आपणहून खाली येतो आणि शेतात बसतो. त्याला गाळ म्हणतात. भाताच्या खाचरात हा गाळ बसला की वर चामड्यासारखी साय धरते आणि रोप आत गुदमरतं. खाणी चालू होत्या तेव्हा निदान वर्षाकाठी भरपाईचा धनादेश यायचा. मग खाणी बंद झाल्या, त्यामुळे भरपाई बंद झाली. गाळाला हे कुणी कळवलेलं नाही.

खाणग्रस्तांच्या नावाने जमा होणारा जिल्हा खनिज निधी कुणासाठी आहे असं विचारू नका. नावात जिल्हा आहे, गाव नाही.

आता काकांच्या मुद्द्याकडे वळू. पैसा पचवण्याची रीत. ही नीट लिहून घ्या, फार उपयोगाची आहे.

आधी पोर्तुगीज सरकारकडून खाणीचं कन्सेशन, म्हणजे खोदायचा हक्क, मिळवावं, तेही कायमचं. १९६१ मध्ये पोर्तुगीज जातील, कन्सेशन जाणार नाही. १९८७ मध्ये दिल्लीचा कायदा येईल आणि कन्सेशनचं लीज होईल. त्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपेल. संपू द्यावी, आपण खोदत राहावं. नेमकं त्याच सुमारास बीजिंगला ऑलिम्पिक होईल, चीनला लोखंड किती घेऊ आणि किती नको असं होईल, आणि ज्या हलक्या मालाकडे पूर्वी कुत्रं ढुंकून बघत नव्हतं तो डंपातला मालसुद्धा बार्जमध्ये भरून जुवारी नदीतून मुरगाव बंदरात जाईल. सरकार रॉयल्टी घेईल. पावती देईल. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल येईल, सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबतील, आणि एप्रिल २०१४ मध्ये न्यायालय सांगेल की २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं सगळं खोदकाम बेकायदा होतं. सगळं! तोपर्यंत आपल्या डोंगराचे चीनमध्ये पूल झालेले असतील. याला म्हणतात पचणं. ढेकरही येत नाही.

आणि न पचणं कशाला म्हणतात? सांग्याच्या एका पोराने २०१० मध्ये कर्ज काढून टिपर घेतला, त्याला. पोर माझ्याच वर्गात होतं, नववीत नापास होऊन बसलं आणि क्लीनर म्हणून ट्रकवर चढलं. क्लीनरचा ड्रायव्हर झाला, ड्रायव्हरचा मालक. खेपेमागे पैसे, म्हणून जेवणाला न थांबता पळवायचा. त्या दिवसांत बँकांची माणसं वाड्यावाड्यावर फिरत होती. कर्जमेळावे भरत होते, मांडव घालून, वर चहा-भजी. अर्जात परतफेडीचं साधन काय, तर 'खनिज वाहतूक'. ते ज्याने लिहून घेतलं तो साहेब बढती घेऊन बदलीवर गेला. २०१२ मध्ये चाकं थांबली, हप्ते कुठे थांबले? सरकारने दिलासा योजना काढली, तिचे अर्ज भरण्यात त्याची दोन वर्षं गेली. पुढे थोडं सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा ठप्प.

लीजची मुदत संपली होती हे खाण खात्याला दिसलं नाही. पर्यावरणाचे दाखले देणाऱ्यांना दिसलं नाही. बँकेच्या वकिलाला दिसलं नाही. नववीत बसलेल्या पोराला मात्र दिसायला हवं होतं! आणि चार पैसे बाजूला टाकायचे म्हणजे कुठे टाकायचे, काका? शेतात? त्यात गाळ आहे. विहिरीत? खाण विहिरीपेक्षा खोल गेल्यावर पाणी खाणीत गेलं, विहिरीत टँकरचं पाणी ओतून ती भरून ठेवायची पाळी आली होती.

होय, उधळलेही काहींनी. पोरीच्या लग्नात फटाके लावले, घराला तिसरा मजला चढवला, बारमध्ये बसले. मी बघितलंय आणि तेव्हा बोललोही होतो. पण उधळपट्टीची चौकशी फक्त क्लीनरच्या घरापाशी का सुरू होते? मडगावात, पणजीत, मुंबईत खाणीच्या पैशाची घरं उभी आहेत, त्यांना कुणी पंगतीत विचारतं का, की बाबा, तुम्ही किती बाजूला टाकले?

आता रीती पुरे. सरळ सांगतो.

खाणवाले फक्त आम्ही नव्हतो. साठ वर्षं सगळ्या गोव्याने हा डोंगर खाल्ला. राज्याच्या तिजोरीने खाल्ला, बंदराने खाल्ला, बँकांनी व्याजावर खाल्ला. ज्यांनी विरोध केला त्या कावरे आणि कोळंब या इथल्याच गावांतल्या लोकांनी अटका सोसल्या, तेव्हा तुम्ही पेपर उलटून क्रिकेटचं पान बघत होता. ज्या साळावलीचं पाणी दक्षिण गोवा पितो ते धरण याच सांगे तालुक्यात आहे, खाणींच्या शेजारी. तेव्हा आमच्याकडे बघून च्यक् च्यक् करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

न्यायालयाने पुढच्या पिढ्यांसाठी खाणीच्या पैशातून कायमनिधी ठेवायला सांगितलाय. ठीक आहे. पण पुढच्या पिढीला आज शाळेत जाताना डंपाखालून जावं लागतं. त्याच्या पायथ्याला पावसाआधी बांध घाला. खड्ड्यांना तुटलेल्या तारेचं नाही, खरं कुंपण घाला. शेतातला गाळ ज्यांनी टाकला त्यांच्याकडून काढून घ्या. यातल्या एकाही कामासाठी खाण सुरू व्हायची वाट बघायची गरज नाही.

आणि आपल्या गाववाल्यांनो, तुम्हालाही. 'खाणी सुरू करा' म्हणून पणजीला मोर्चा न्यायचा तर बसगाड्या भरतात, आणि ग्रामसभेत शेतातल्या गाळाचा विषय निघाला की अर्धी सभा चहाला उठते. दर चवथीला तीच थाप ऐकून टाळ्या वाजवता, वर पोराला सांगता की थोडं थांब, ट्रक सुरू होईल. ते पोर आता तिशीला आलं! लाज वाटू द्या जरा. ग्रामसभा या रविवारी दहाला आहे. गाळाचा विषय मीच लेखी दिलाय. उठून जाऊ नका.