रिकामीच आसा, काका!

नव्या बंदूकमालकांनो, आधी तुमचं अभिनंदन. चौकी, तहसील, परत चौकी अशा किती खेपा घातल्यात ते मला सांगू नका, मीही घातल्यात. शेतीसंरक्षणाचा परवाना हातात पडला, बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे करून भरायची बंदूक, घरात आली, आता डुकरं तालुका सोडून जाणार. तीस वर्षं दुनळी वापरणारा म्हातारा म्हणून देखभालीचे चार सल्ले देतो. गेल्या मंगळवारी आमच्या ओटीवर जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे, साफ करायची घाई नको. २०१९ पासून परवाना तीनऐवजी पाच वर्षांनी नवा करायचा असतो, साफसफाईही त्याच मुहूर्तावर उरकावी. मधे निवडणुका येतातच, बंदूक चौकीत जमा होते. चौकीतून जशी परत येईल तशी खुंटीला टांगावी.

टांगण्यापूर्वी फोमच्या रेक्झिन पिशवीत घालून मृगात चेन लावायची ती थेट दसऱ्याला उघडायची. आपल्याकडच्या पावसात फोम ओल किती प्रेमाने धरून ठेवतो! पूजेला काढाल तेव्हा नळीवर कुंकू आधीच लागलेलं असेल.

तेल घरचंच वापरा, खोबरेल. सुरुवातीला एवढं छान सरकतं की चापाच्या गाळ्यात अर्धी वाटी ओतायचा मोह होतो. ओता. पौषातल्या पहाटे बाटलीत थिजतं तेच आतही थिजतं, आणि धूळ बसून त्याचा चिकटा होतो. मग चाप ओढल्यावर विचार करायला वेळ मिळतो. डुकरालाही मिळतो. पातळ तेलाचे चार थेंब टाकून पुसून घेणारी माणसं कंजूष असतात.

साफ करायचा गज नेहमी तोंडाकडून खुपसावा. पुढचं टोपण फिरवलं की पंपची नळी अर्ध्या मिनिटात सुटून हातात येते, आणि मागून, काडतूस बसतं त्या बाजूने, ब्रश सरळ पुढे ढकलता येतो. पण एवढी मेहनत घेणार कोण? तोंडाशीच चोकसाठी, म्हणजे छरे फार पसरू नयेत म्हणून, नळी आवळलेली असते, नेमकी तिथे गजाने खरवडली की काम झाल्यासारखं वाटतं. काडतुसातल्या प्लास्टिकच्या वाटीचा राखाडी लेप आत चिकटून राहिला तर राहू दे. (माझे आजोबा चौथी शिकलेले. ठासणीच्या बंदुकीचा बार काढला की त्याच रात्री चुलीवर आधण ठेवून नळी धुवायचे, कारण काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते. त्यांना हे कुणी व्हिडिओत दाखवलं नव्हतं.)

नळीत डोकावून बघू नये. कुंभारीण माशीलाही घर हवं, आणि १८ मिलिमीटरचं भोक तिला आयतं मिळतं. आत मातीचा बोळा तसाच ठेवून बार काढलात तर नळी सोललेल्या केळ्यासारखी फाटते, डावा हात तिथेच धरलेला असतो.

आता रिकामी करण्याबद्दल.

वाडीतलाच पोरगा. वैशाखात तिरुचिरापल्लीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची कोरी पंप घेऊन आला. मंगळवारी दिवेलागणीला मोटारसायकलवरून उतरला. "काका, पंप जाम वाटता. जरा साफ करून देवा." मी विचारलं, रिकामी आहे ना? "रिकामीच आसा, काका!" एवढं म्हणून त्याने दस्ता माझ्याकडे केला. नळीचं तोंड पडवीकडे, आणि पडवीत माझी नात पाढे लिहीत बसलेली.

मी तोंड आधी वर आढ्याकडे केलं. खटका दाबून पुढची मूठ मागे ओढली. लाल काडतूस टणकन उडालं, सारवलेल्या जमिनीवर घरंगळत गेलं आणि नातीच्या वहीला टेकून थांबलं. खालून बघतो तर दुसरं वर यायच्या तयारीत. त्याच्यामागे नळीखालच्या नळकांड्यात आणखी एक.

पोरगा हसला. "एक रवला वाटता."

एक? अरे, घरून निघताना तू काय केलंस ते मी सांगतो. मूठ मागे ओढलीस, एक काडतूस बाहेर पडलं, खिशात टाकलंस आणि ऐटीत मूठ पुढे लोटलीस. त्या मुठीचं कामच ते! मागे ओढली की जुनं फेकते, पुढे लोटली की नवं भरते. तू बंदूक रिकामी केली नाहीस, भरलीस. स्वतःच्या हाताने भरलीस आणि खड्ड्याखड्ड्यातून उडवत माझ्या घरी आणलीस. आमची दुनळी मोडली की दोन भोकं दिसतात, त्यातून आभाळ दिसलं की रिकामी. पंपला तसं आभाळ दिसत नाही. सेफ्टी लावली होती म्हणे! ते बटण चाप अडवतं, काडतूस गायब करत नाही.

मस्करी पुरे. नीट ऐका. तोंड माणसांकडे नाही, घराकडे नाही. बोट चापावर नाही. मूठ मागे ओढून चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात बसलेलं, काडतूस काढा आणि मूठ मागेच राहू द्या. मग खालून नळकांड्यातली एकेक काढा, मोजा, किती भरली होती त्याच्याशी जुळवा. जुळलं तरी विश्वास ठेवू नका. उजेडात बघा, चेंबरमध्ये करंगळी घाला, नळकांड्याच्या तोंडाशी अंगठा दाबून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. परत या आणि पुन्हा बघा, मघाशी तुम्हीच बघितलं असलं तरी. मगच तेल, ब्रश आणि फडकं. याला दोन मिनिटं लागतात. मोबाइलवर रीळ बघायला तासभर आहे ना तुमच्याकडे? ज्याला ही दोन मिनिटं जड होतात, त्याने फटाके वाजवून डुकरं हाकलावीत, परवाना घेऊ नये.

आणि माझ्या ओटीवर बंदूक आणायची असेल तर नळी वेगळी आणि दस्ता वेगळा करून आणा. जोडायची कशी ते मी दाखवीन.