आमचे येथे श्रीकृपेकरून कायर्क्रम

लग्न जमवणं सोपं. वधूवरांनी ते परस्पर जमवलेलं असेल तर आणखीच सोपं. अवघड असते ती निमंत्रणपत्रिका. ‘आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, पाच मिनिटांचं काम’ असं घरात जो कोणी म्हणेल त्याच्याच गळ्यात ते काम अडकवावं. याहून नामी इलाज मला माहीत नाही.

हल्ली सुरुवात एआयपासून होते. मागे गणपती, वर झेंडूचं तोरण, कोपऱ्यात सनईवाला एवढं सांगितलं की चित्र हजर. गणपती झकास असतो. मग उत्साहाच्या भरात वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ लिहायला सांगितलं जातं आणि शिरोरेषेखाली देवनागरीची दूरची चुलतभावंडं लोंबकळू लागतात. तोंडवळा तोच, ओळख पटत नाही. कारण हे यंत्र अक्षर लिहीत नाही, अक्षराचं चित्र काढतं. त्याने पाहिलेल्या चित्रांत रोमन पाट्यांच्या मानाने देवनागरी पाट्या थोड्या, आणि जोडाक्षर, वेलांटी, रफार यांच्या जोड्या मात्र उदंड. नव्या मॉडेलांना बऱ्याचदा जमतं, पण निमंत्रकांची लांबलचक यादी दिली की तिसऱ्या काकांपासून लिपी बदलू शकते. तेव्हा चित्र बिनअक्षरी मागावं, मधली जागा कोरी ठेवायला सांगावं आणि मजकूर आपण वेगळा बसवावा.

ते चित्रही थेट छापखान्यात चालत नाही. ए-५ पत्रिका १४८ गुणिले २१० मिलिमीटरची. कटिंगसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा काठ, धरला आणि ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, हिशेब केला तर साधारण १८१९ गुणिले २५५१ पिक्सेल लागतात. चित्र १०२४ पिक्सेल रुंदीचं असेल तर छापताना जेमतेम १६९ डीपीआय उरतात आणि झेंडूचा शिरा होतो. त्यातून ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की आणखी दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे वाक्य दर डीटीपीवाल्याच्या दुकानात फ्रेम करून लावलेलं असायला हवं.

खरी गंमत मजकुराची. घरून तो युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवर हल्ली सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात येतो. दुकानात बऱ्याचदा जुने, युनिकोडआधीचे फॉन्ट चालू असतात. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. कृतिदेव या अशाच जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या ‘मराठी’चा फॉन्ट बदलून बघा, पडद्यावर ई-जे-के-बी-एच उमटतं. म्हणून मग एकातून दुसऱ्यात मजकूर बदलणारा कन्व्हर्टर. तिथे रफार घात करतो. जुन्या फॉन्टात रफार दिसतो त्या क्रमाने, म्हणजे अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे आधी येतो, र आणि हलन्त, मग पुढचं अक्षर. ही अदलाबदल कन्व्हर्टरला जमली नाही की ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो. महाराष्ट्रातले निम्मे फ्लेक्स कायर्क्रमांचे असावेत असा माझा संशय आहे. फाइलमध्ये ‘यर्’, ‘मर्’, ‘वर्’ शोधले तर यातल्या बऱ्याच चुका सापडतात.

जुन्या फोटोशॉपचा छळ निराळा. तिथे ‘लग्न’ फुटून ‘लग्‌न’ होतं आणि ‘विवाह’मधली पहिली वेलांटी ‘व’ ओलांडून पुढच्या ‘वा’ला जाऊन चिकटते. लग्नाआधीच फाटाफूट. प्रोग्रॅम अक्षरं एकापुढे एक ठेवतो, ती जोडायची असतात हे त्याच्या गावी नसतं. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जाऊन टेक्स्ट इंजिन ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ करायचं. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायचा.

हे सगळं निस्तरलं की कुणीतरी सुचवतं, ‘नावं जरा मोकळी करा ना.’ म्हणजे अक्षरांतलं अंतर वाढवा. रोमनमध्ये त्याने ऐट येते, देवनागरीत शिरोरेषा तुटते. मोकळेपणा हवा तर तो ओळींमध्ये द्यावा. २० पॉइंटच्या मजकुराला २८ ते ३० पॉइंटची ओळ ठेवली की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

फॉन्ट कोणता? बऱ्याच पत्रिका ‘मंगल’मध्ये, कारण नाव शुभ आणि विंडोजमध्ये फुकट. र. कृ. जोशींनी केलेला हा फॉन्ट पडद्यावरच्या बारीक मजकुरासाठी उत्तम. ४८ पॉइंटात वधूचं नाव लिहिलं की मात्र ती तलाठ्याची नोटीस वाटते. ज्या भाषेत कमल शेडग्यांनी नाटकाचं नुसतं नाव असं रेखलं की नाटकाचा बाज जाहिरातीतच कळावा, त्या भाषेत हे बघवत नाही. मुक्ता, बालू हे मोफत फॉन्ट आहेत. टिरो देवनागरीची तर हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी वेगवेगळी रूपं मिळतात. त्यातलं मराठी घ्यावं, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मिळतो. राज्य शासनाने २००९ साली प्रमाण ठरवलेली वळणं हीच. इतर काही फॉन्टांतही ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमून दिल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

आता ‘नमः’ जवळून बघा. दहातल्या किती पत्रिकांत तिथे विसर्गाऐवजी कोलन असतो! विसर्गाची टिंबं अक्षराच्या वळणाला धरून असतात, कोलनची बारीक आणि परक्यासारखी. ‘॥’च्या जागी दोन उभ्या इंग्रजी रेघा हा त्याचाच सख्खा भाऊ.

मजकूर सुधारायलाही लोक एआय बसवतात. तो शुद्धलेखन ठीक बघतो, पण खाली असलेलं ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ त्याला खटकतं. त्याचं तो ‘आमच्या मावशीच्या विवाह सोहळ्यास आपण आवर्जून उपस्थित राहावे’ असं करून देतो. खाली सही चार वर्षांच्या चिऊची. मानपानाचं तर विचारूच नका. धाकट्या काकांचं नाव थोरल्यांच्या वर गेलं तर व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोषच असतं.

प्रूफ कागदावर काढावं, शेवटून सुरुवातीकडे वाचावं आणि व्याह्यांकडची नावं व्याह्यांकडूनच तपासून घ्यावीत. मग दुकानातल्या कोरलड्रॉ या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-क्यू. अक्षरांचे नुसते आकार होतात, छापखान्यात फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण त्यानंतर टाइप करून एक काना बदलता येत नाही. म्हणून त्याआधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. गुरुजी पंचांग पुन्हा एकदा बघतात, आणि बाराचा मुहूर्त बारा पस्तीसचा होतो तो नेमका छपाईची प्लेट निघाल्यावर.