जेवणाच्या टेबलावरची कंपनी

घरून काम करणे ही कोविडने लावलेली वाईट सवय आहे आणि आपल्या टीममधल्या मुलींनी ती आता मोडलीच पाहिजे, असे हिंजवडीत नोकरी करणारा माझा मावसभाऊ गेल्या आठवड्यात फोनवर सांगत होता. पोर मागे रडत असताना कोणाला कोड लिहिता येत नाही, हे त्याचे शेवटचे वाक्य. तेव्हापासून मला इंग्लंडमधल्या सॉफ्टवेअर उद्योजक स्टेफनी शर्ली आठवत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या.

१९६२ साली शर्लीबाईंनी सहा पौंडांच्या भांडवलावर, घरातल्या जेवणाच्या टेबलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही कंपनी काढली. लग्न किंवा बाळंतपण यांमुळे नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांना त्यांनी काम दिले. संगणक कोणाच्याच घरी नव्हता. घरात टेलिफोन असला म्हणजे झाले. बायका कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहून टपालात टाकत आणि मग तो पंचकार्डांवर, म्हणजे संगणक वाचत असे त्या भोके पाडलेल्या कार्डांवर, चढे. स्वतःच्या नावाने धाडलेल्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा पतीने सुचवल्यावरून त्या ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी नावाची सही करू लागल्या आणि भेटी मिळू लागल्या. गिऱ्हाइकाचा फोन आला की बाळाचा आवाज झाकण्यासाठी त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत. काँकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग अशा घरी बसलेल्या बायकांनी केले. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष अवघे तीन होते. पोर तेव्हाही रडतच होते, दादा.

‘तिकडे चालते हे,’ असे तो म्हणेल. मी आता राहते त्या इंग्लंडमध्ये, इथेही चालत नव्हते. शर्लीबाई लंडनमधल्या डॉलिस हिलच्या पोस्ट ऑफिस संशोधन केंद्रात लागल्या, तेव्हा बायकांची वेतनश्रेणीच वेगळी आणि कमी होती. आज मात्र रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी कामाची वेळ किंवा जागा बदलून मागण्याचा हक्क इथे कायद्याने आहे, आणि पुण्यात ती अजून साहेबाची मेहरबानी आहे.

मी इतकी चिडते, त्याला कारण आहे. २०११ साली, मुलगी सात महिन्यांची असताना, पुण्यातल्या नोकरीत मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितले होते. साहेब नाही म्हणाले आणि मी एका शब्दाने वाद न घालता राजीनामा दिला. पुढे नवऱ्याच्या व्हिसावर रेडिंगला आले. इंग्लंडने मला करिअर दिले असे मी सगळ्यांना सांगते, पण त्या दिवशी मी गप्प बसले होते, हे कोणाला सांगत नाही.

मंगळवारी आणि बुधवारी मी एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला उतरते. तिथे नाझींपासून वाचवून आणलेल्या, पेट्या घेऊन उभ्या असलेल्या निर्वासित मुलांचे ब्राँझचे पुतळे आहेत. १९३९ साली पाच वर्षांच्या शर्लीबाई, नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर, व्हिएन्नाहून याच स्टेशनावर आल्या. त्यांनी या देशावर जीव ओवाळून प्रेम केले, कारण मागे त्यांचा म्हणावा असा देश उरला नव्हता. माझा उरला आहे. त्यामुळे इथल्या कोणाचे बोलणे मी सोडून देऊ शकते, दादाचे मात्र थेट जिव्हारी लागते.