दहा दिवसांत तीन देश? प्लीज नको

स्कूबा डाइव्हिंगच्या त्या लेखात पलाऊ, चूक लगून (मायक्रोनेशियातलं) आणि फिजी एकाच दहा दिवसांच्या ट्रिपमध्ये बसवलंय ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. नकाशावर सगळं पॅसिफिकच दिसतं हो, पण पलाऊ ते फिजी अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि मुख्य म्हणजे शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसता येत नाही. रोज डाइव्ह केले असतील तर किमान 18 तास थांबायचं, मी तर पूर्ण दिवस ठेवते, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि केबिनमधल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे झाले की जिवावर बेतू शकतं. म्हणजे प्रत्येक देश बदलताना एक दिवस असाच जाणार.

त्यापेक्षा एकच जागा निवडा ना. नुकतंच ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला कोर्स) झालं असेल तर 18 मीटर खोलीची मर्यादा असते, मग चूक लगूनला जायची घाई नको, तिथली 1944 साली बुडालेली जपानी जहाजं बरीच खोल आहेत, त्यातल्या सॅन फ्रान्सिस्को मारूचं तर डेकच 50 मीटरच्या आसपास. पलाऊचा ब्लू कॉर्नर हा डाइव्ह स्पॉट अप्रतिम, पण पाण्याचा करंट जोरदार, रीफ हुक (खडकाला अडकवायचा दोरीचा हुक) लावून थांबायची आधी प्रॅक्टिस हवी. आणि हो, पलाऊत 2020 पासून प्रवाळाला घातक सनस्क्रीनवर बंदी आहे, बॅग भरतानाच बघा. तिथल्याच जेलीफिश लेकमध्ये स्कूबा चालत नाही, फक्त स्नॉर्कल, तरी चुकवू नका!